दुधाचे दात आणि जालन्याचा रस्ता

आधीच सांगतो, माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडतील आणि शब्दही साधेच असतील. नववीत शाळा सुटली. त्यानंतर हातात पेन कमी आणि स्टिअरिंग जास्त राहिलं. तेव्हा माफ करा आणि पुढं वाचा.

मी दातांच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. असं सांगितलं की लोक हसतात, पण आमच्या गाडीला सगळा जिल्हा याच नावानं ओळखतो. संध्याकाळी जालन्याला परत आलो की मी गाडीतली मॅट झटकतो. घनसावंगीची काळी माती, भोकरदनकडचा मुरूम आणि गावोगावचे गोखरूचे काटे त्यातून पडतात. ते कोणी मुद्दाम आणत नाही, आपोआप चिकटून येतात. किस्स्यांचंही तसंच आहे. आमच्या रुबिनाताई म्हणाल्या, "सिद्धार्थ, तू तोंडानं तर बोलत न्हाईस. मंग लिहून तरी टाक!" म्हणून बसलो.

* * *

पहिल्यांदा काम काय ते सांगतो. गाडीत आम्ही तिघं. मृणाल मॅडम दातांच्या डॉक्टर, नागपूरच्या. रुबिनाताई जालन्याच्याच, त्या आयांना प्रश्न विचारतात आणि उत्तरं टॅबमध्ये भरतात. आणि मी.

मॅडमचं संशोधन सहा वर्षांखालच्या मुलांवर आहे. अंगणवाडीत जायचं, मुलांचे दात बघायचे, आणि ज्याचा दात किडलाय त्याच्या आईला सांगायचं की जालन्याच्या दवाखान्यात आणा, फुकट इलाज होईल. मग बघायचं, ते येतात का? नाही आले तर का नाही आले?

यात एक कडक नियम आहे. आपल्यापैकी कोणीही कुठल्याही पेशंटला गाडीत घालून दवाखान्यात न्यायचं नाही.

मी नवीन होतो तेव्हा मॅडमनी मला समजावून सांगितलं, "सिद्धार्थ, आपणच आणून सोडलं तर ते एरवी कसे येतात, कसे अडकतात, हे कळणार कसं?"

मी मान हलवली. मागच्या सीटवरून रुबिनाताई म्हणाल्या, "मॅडम, आपण न्हाई आणलं तर कोणी येतच न्हाई, हे तर पहिल्याच महिन्यात कळलं. आता अजून काय कळायचं राह्यलंय?"

मॅडम हसल्या. पण नियम नियमच राहिला.

* * *

घनसावंगीच्या अलीकडं एक गाव आहे. माझ्या गावाच्या शिवेला त्याची शीव लागून आहे. तिथल्या अंगणवाडीत पहिल्या दिवशी एकही मूल तोंड उघडेना. मॅडमच्या कपाळावरचा लाइट बघून दोघं तर पोषण आहाराच्या पातेल्यामागं जाऊन लपले.

अंगणवाडीच्या कांताबाईंनी सगळं करून बघितलं. गाणं म्हटलं, गूळ-शेंगदाण्याचा लाडू दाखवला, शेवटी पोलिसाची भीती घातली. तोंडं जास्तच घट्ट मिटली!

मग मॅडमनी मला आत बोलावलं. "सिद्धार्थ, तू बस इथं. तू आ कर. मुलांना कळेल की यात काही होत नाही."

मला चारचौघांत जेवायलाही लाज वाटते. तरी त्या एवढ्याशा लाल खुर्चीवर बसलो, गुडघे छातीला लागले, आणि आ केला. मॅडम वाकल्या आणि मुलांना दाखवायचं विसरूनच गेल्या! "अरे, हे काय करून ठेवलंयस? वर उजवीकडं मागचा दात किडलाय. खाली डावीकडं पण." रुबिनाताईंची बोटं सवयीनं टॅबवर चालू झाली. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "मॅडम, मशीन घेत न्हाई. म्हणतंय वय सहाच्या खाली पायजे."

तोवर सगळी अंगणवाडी माझ्याभोवती जमली होती. एका पोरानं माझा जबडा दोन्ही हातांनी धरून आत डोकावून पाहिलं आणि जाहीर केलं, "काकाच्या तोंडात काळं हाय!"

त्यानंतर मात्र चमत्कार झाला. प्रत्येकाला आपल्या तोंडात काळं आहे का ते बघायचं होतं. मॅडमच्या पुढं लाइन लागली, आणि लाइनमधलं शेवटचं पोरसुद्धा नंबर यायच्या आधीपासून आ करून उभं! कांताबाई म्हणाल्या, "मिटा रे बाबांनो, माशा जायल्यात!"

एकच मुलगी लाइनीत नव्हती. ईश्वरी तिचं नाव. चार-साडेचार वर्षांची असेल. भिंतीला टेकून, गालाला हात लावून बसली होती. मॅडम तिच्यापुढं खाली बसल्या आणि कपाळावरचा लाइट बंद केला. मग हळूच विचारलं, "दुखतं?" तिनं मान हलवली. गाल सुजला होता.

तिची आई सुनीता वहिनी कापूस वेचायला गेली होती, तिला बोलावून आणलं. मॅडम म्हणाल्या, "दाताच्या मुळाशी पू झालाय. औषध देते, सूज उतरेल. पण दात काढल्याशिवाय ती पुन्हा येणार. आणि पुन्हा आली तर जास्त येईल. जालन्याला घेऊन या, जल्दी या."

वहिनी म्हणाली, "मी तर आत्ता निघते मॅडम. पण आबांना विचारावं लागंल."

आबा म्हणजे तिचे सासरे. नवरा कारखान्यावर, घरात शब्द आबांचा.

* * *

रुबिनाताईंच्या प्रश्नांत एक प्रश्न असा आहे : मूल दात कशानं घासतं? याचं उत्तर सगळ्या आया एकच देतात. "पेस्टनं. दोन टाइम."

अंबड तालुक्यात एका आईनं असंच ठामपणे सांगितलं. ताईंनी विचारलं, "ब्रश स्वतःचा हाय का?"

"हाय की! प्रत्येकाचा वेगळा."

तिच्या पदराआड उभा असलेला मुलगा म्हणाला, "मम्मी, माझ्या ब्रशनं तर पप्पा गाडीची चेन पुसून राह्यले!"

आईनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो थेट माझ्यामागं येऊन लपला. रुबिनाताईंनी न हसता विचारलं, "चेन तरी दोन टाइम घासतात का?"

* * *

मॅडमनी एकदा कॅलेंडर न बघता राजूरचा दिवस ठरवला. मला दिवस माहीत होता, पण मी बोललो नाही. मॅडमनाही माहीत असेल असं वाटलं. निघालो, तर अर्ध्या रस्त्यापासून गर्दी! चतुर्थी होती. राजूरच्या गणपतीला जिल्हा लोटला होता. गाडी गावाबाहेर लावून, खोकी डोक्यावर घेऊन आम्ही अंगणवाडीपर्यंत चालत गेलो.

मॅडमनी ओट्यावर टेबल मांडलं. पांढरा कोट, कपाळावर लाइट, पुढं मुलांची छोटीशी लाइन. राजूरात चतुर्थीला लाइन दिसली की माणूस विचारत नाही, उभा राहतो. बघता बघता लाइन गल्लीच्या वळणापर्यंत गेली. हातात नारळ, दुर्वा, हार!

पहिल्या आजोबांचा नंबर आला. त्यांनी चप्पल काढली, टोपी नीट केली आणि मॅडमच्या कपाळावरच्या लाइटला नमस्कार केला.

मॅडम घाबरून म्हणाल्या, "आजोबा, हे दर्शन नाही. दात बघतो आम्ही इथं."

आजोबांनी मागं वळून लाइनीकडं पाहिलं. एवढा वेळ उभा राहिलेला माणूस, तसाच कसा जाईल? म्हणाले, "आता आलोच हाय तर बघून टाका." आणि आ केला. आत एकही दात नव्हता!

रुबिनाताई म्हणाल्या, "आजोबा, ही लाइन लेकरांची हाय. ज्यांचे दात अजून यायचेत त्यांची."

"मंग बराबर हाय की," आजोबा म्हणाले. "माझे बी यायचेच हायत. डॉक्टरनं माप घेऊन दोन साल झाले!"

* * *

जी मुलं दवाखान्यात येत नाहीत त्यांच्या घरी रुबिनाताई फोन करतात. का आला नाहीत, असं विचारतात. टॅबमध्ये उत्तरं आधीच ठरलेली आहेत : दवाखाना लांब आहे, खर्च होतो, भीती वाटते, वेळ नाही. यातलं काहीच नसेल तर 'इतर'.

एकीनं सांगितलं, "आल्तो ना जालन्याला! मस्तगडच्या स्टॉपला उतरलो, तर पोरगं म्हणालं आता दुखत न्हाई. मंग त्याला ड्रेस घेतला अन् आलो परत." ताईंनी 'इतर' दाबलं.

दुसरी म्हणाली, "नणंदेचं लग्न हाय. फोटोत पोरीचा दात पायजे." इतर.

तिसऱ्या घरी फोन मुलानंच उचलला. आई कुठंय विचारलं तर म्हणाला, "दातवाल्या बाई हायत का? आई म्हणाली, आई घरी न्हाई." इतर!

महिनाअखेरीला मॅडमच्या कॉलेजमधल्या मोठ्या सरांचा फोन आला. मॅडमनी स्पीकर लावला. सर रागावले होते, "हे 'इतर' एवढं कसं काय झालंय? लांब, खर्च, भीती, यात बसत नाही का काही?"

रुबिनाताई पुढं वाकून म्हणाल्या, "सर, तुमी एक दिवस या इकडं. इथं माणसं भेटतात, लांब-खर्चा-भीती भेटत न्हाई."

मग सर म्हणाले, "कोण बोलतंय?"

ताईंनी फोन माझ्या हातात दिला!

* * *

ईश्वरी आली नव्हती. तिचं कारण कुठंही भरायच्या आधी मॅडम म्हणाल्या, आपण घरीच जाऊ.

आबा ओसरीवर बसले होते. उंच, वाळलेले, आवाज मात्र विहिरीतून आल्यासारखा. मॅडमनी सगळं समजावून सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दुधाचा दात हाय. पडणारच हाय. जो आपसूक जाणार त्याला धक्के मारून काऊन काढायचा?"

मॅडम म्हणाल्या, "तो पडायला अजून काही वर्षं आहेत आबा. तोवर पू अंगात पसरेल."

"आमच्या टायमाला कुणाला पू झाला न्हाई."

"झाला असेल, कळलं नसेल."

"मंग न कळलेलंच बरं होतं!"

दुसऱ्या वेळी गेलो, तिसऱ्या वेळी गेलो. दर वेळी चहा मिळाला, दर वेळी मॅडम हरल्या. ईश्वरी दारात उभी राहून भाकरीचा तुकडा एकाच बाजूनं चघळत असायची. तिसऱ्या वेळी उठता उठता मॅडमनी विचारलं, "आबा, तुम्हाला नात आवडत नाही का?"

आबा एकदम ताठ झाले. वर हात करून म्हणाले, "तो पत्रा बघा. या घरातल्या समद्या लेकरांचा पडलेला दात शेणाच्या गोळीत घालून म्या माझ्या हातानं त्या पत्र्यावर टाकलाय. तिच्या बापाचा बी. तुमी जालन्याला काढणार अन् कचऱ्याच्या डब्यात फेकणार. माझ्या नातीचा दात दवाखान्याच्या डब्यात?"

मॅडमनी वर पत्र्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "आबा, दात धुऊन, कापसात बांधून तुमच्या हातात दिला तर?"

"देता?"

"देते. मी स्वतः देते."

आबा काठी टेकत उठले. "मंग पहिल्याच दिशी काऊन न्हाई सांगितलं बाई? एवढे दिवस फुकट भांडून राह्यलो आपण!"

* * *

एवढ्यावर काम व्हायला पाहिजे होतं, पण झालं नाही.

त्या भागातून जालन्याला जायला सकाळी एकच सोय आहे, बबनभाऊंची जीप. ती आमच्या गावातून निघते आणि आबांच्या फाट्यावरून पुढं जाते. एसटी आहे, पण ती उलट्या टाइमाची. बबनभाऊंची जीप घड्याळ बघत नाही. भरली की निघते. भरेपर्यंत बबनभाऊ हॉटेलात. आणि दवाखान्यात केसपेपरची खिडकी दुपारच्या आधी बंद होते.

आबा, सुनीता वहिनी आणि ईश्वरी एकदा गेले. पोचले तोवर खिडकी बंद. पुन्हा गेले. पुन्हा बंद. दुसऱ्या वेळी आबा रुबिनाताईंना फोनवर म्हणाले, "खिडकी जीपसाठी थांबत न्हाई अन् जीप खिडकीसाठी निघत न्हाई. आमी दोघांच्या मधी रस्त्यावर हाव." आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं.

मग एका दुपारी वहिनीचा फोन आला. ईश्वरीची सूज पुन्हा आली होती, या वेळी डोळ्यापर्यंत. अंगात ताप. भाकरी बंद, दुधात भिजवलेलं बिस्किट तेवढं घेत होती. आम्ही वाटेतच होतो, गाडी वळवली. मॅडमनी ईश्वरीला बघितलं, औषध दिलं, आणि वहिनीला म्हणाल्या, "आता उद्याचा परवा करू नका. उद्या मी स्वतः दवाखान्यात थांबते. फक्त खिडकी उघडी असताना या."

गाडीत बसल्यावर रुबिनाताई म्हणाल्या, "मॅडम, आत्ताच घेऊ ना गाडीत. कोण बघतंय?"

"आज दवाखाना बंद झालाय ताई."

"मंग उद्या सकाळी सिद्धार्थला पाठवू."

मॅडम बाहेर बघत होत्या. "तशाच सुजलेल्या अजून कितीतरी आहेत. एकीला आणली तर बाकीच्यांच्या आयांना काय सांगू? आणि उद्या कोणी विचारलं की लोक येऊ शकतात का, तर मी म्हणणार हो, येतात की! मग या गावांत गाडीची सोय कोण करणार?" आमच्याकडं वळून म्हणाल्या, "नियम मीच केलाय. मलाच आवडत नाहीये."

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला जायची होती, मला सुट्टी होती. रुबिनाताईंना गाडी चालवता येते. मी म्हणालो, "मला गावात उतरवता का? आईला भेटतो."

उतरलो, पण आईकडं लगेच गेलो नाही. दिवेलागणीला गावात घरोघर फिरलो. ज्यांच्याशी वर्षानुवर्षं नुसती मान हलवली, त्यांच्या दारात उभा राहिलो. माझ्या चुलत्याला म्हणालो, "काका, बँकेचं काम किती दिवस टाळणार? उद्याच जा." शेजारच्या मावशीला म्हणालो, "लेकीची आठवण येते म्हणता ना? उद्या पहिल्या जीपनं निघा." लग्न ठरलेल्या मित्राला म्हणालो, "पँट अल्टर करायची तर उद्याच दे, नंतर टेलर घेणार नाही." भजनी मंडळाच्या पेटीचे दोन सूर गेले होते, पेटीवाल्या नानांना म्हणालो, "जालन्यात एक कारागीर आहे म्हणे, उद्याच भेटतो." तो भेटतो की नाही, मला काय माहीत! घरी आलो आणि आईला म्हणालो, "तुझा चष्मा बदलायचाय ना?"

आई म्हणाली, "तुला बरं हाय ना रे? एवढं बोलून राह्यलास!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बबनभाऊ दात घासत बाहेर आले, तर जीप गच्च! आत माणसावर माणूस, टपावर पेटी बांधलेली. बबनभाऊंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. चेहरा उतरला. हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी न्हाई गेलं भाऊ," मी म्हणालो, "आम्हीच जायलोत. काढा गाडी."

फाट्यावर आबा उभे होते. खांद्यावर ईश्वरी, तिच्या गालाला रुमाल बांधलेला, शेजारी वहिनी. जीप इतक्या लवकर आलेली बघून आबांनी आधी सूर्याकडं पाहिलं.

बबनभाऊंनी ब्रेक मारला आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "आता यांना कुठं बसवू? टपावर पेटी हाय!"

जीपमध्ये सगळे एकमेकांकडं बघायला लागले. काकांचं बँकेचं काम आजच होतं. मावशीला लेकीकडं आजच जायचं होतं. पँट आज दिली नाही तर लग्नात काय घालणार? नानांनी तर टपाकडं बोट दाखवून सांगितलं, "पेटीबिगर मी न्हाई, अन् माझ्याबिगर पेटी न्हाई!" सगळ्यांना मीच पटवलं होतं की त्यांचं काम आजच झालं पाहिजे. आई माझ्याकडं बघत होती.

मी उतरलो. पुढच्या सीटवर माझ्या जागी आबा बसले, ईश्वरीला मांडीवर घेतलं. मावशी सरकल्या आणि वहिनीही कशीबशी आत शिरली.

आबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "ड्रायव्हर माणूस तू, अन् तुलाच गाडीत जागा न्हाई व्हय रे?"

मी दार ओढून घट्ट लावलं आणि जीपच्या पत्र्यावर दोनदा हात मारला. "जाऊ द्या बबनभाऊ, जल्दी!"